‘सिगारेट सोडा’ एवढे सांगणे म्हणजे समुपदेशन नव्हे : वैद्यकीय अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वैद्यकीय अभ्यासक्रम मंडळांचे सन्माननीय सदस्य, वैद्यकीय महाविद्यालयांतील विभागप्रमुख आणि परीक्षक यांस

सविनय नमस्कार.

मी श्वसनविकारांचा डॉक्टर असून गेली अनेक वर्षे पदवीच्या आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे. या पत्रातून आपल्यापुढे एकच मागणी ठेवायची आहे आणि ती आडवळण न घेता आरंभीच सांगतो. धूम्रपान करणाऱ्या रुग्णाशी ते सोडण्याविषयी कसे बोलावे, हे प्रत्येक विद्यार्थ्याने डॉक्टर म्हणून नोंदणी होण्याआधी शिक्षकाच्या डोळ्यांदेखत करून दाखवलेले असावे, त्यात झालेल्या चुका त्याला तिथल्या तिथे समजावून दिलेल्या असाव्यात आणि अंतिम परीक्षेत या कौशल्याला स्वतंत्र गुण असावेत. शिरेत सुई घालणे, टाके घालणे, छातीतले पाणी काढणे या गोष्टी केवळ व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्याला आपण करू देत नाही. तो आधी पाहतो, मग आपण शेजारी उभे असताना करतो आणि नंतर कधीतरी एकट्याने करतो. रुग्णाशी बोलणे मात्र ज्याचे त्याला आपोआप येते असे आपण गृहीत धरून बसलो आहोत आणि त्याची किंमत रुग्ण मोजत आहेत.

हे मी स्वतःच्या एका चुकीवरून सांगतो आहे. मी इंटर्न होतो तेव्हा साठीच्या आसपासचे एक गृहस्थ सीओपीडीचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा) जोर वाढल्यामुळे आमच्या वॉर्डात दाखल झाले होते. अकराव्या दिवशी सकाळी त्यांच्या खाटेशेजारच्या खणात मला सिगारेटचे पाकीट दिसले. मी त्यांना मुलीच्या देखत, आजूबाजूच्या सगळ्या रुग्णांना ऐकू जाईल अशा आवाजात फैलावर घेतले. ऑक्सिजन चालू असताना सिगारेट जवळ बाळगता, तुम्हाला बरे व्हायचे आहे की नाही, असे बरेच काही बोललो. त्यांनी एका शब्दानेही उत्तर दिले नाही. दुपारी सिस्टरने ते पाकीट माझ्या हातात आणून दिले, तेव्हा त्यावरचे पारदर्शक वेष्टन जसेच्या तसे असल्याचे माझ्या लक्षात आले. दाखल झाल्यापासून त्यांनी ते उघडलेच नव्हते. नंतर मुलीकडून कळले की रात्री तलफ आली की ते खण उघडत, पाकिटावर हात ठेवत आणि ‘आजचा दिवस गेला’ असे म्हणून खण पुन्हा लावून टाकत. घरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांची सिगारेट सुरू झाली. ती माझ्या ओरडण्यामुळेच सुरू झाली असा दावा मी करणार नाही, कारण सोडलेली सिगारेट पुन्हा सुरू व्हायला शंभर कारणे असतात. पण ‘हे पाकीट जवळ का ठेवलं आहे?’ एवढा एक प्रश्न मी विचारला असता, तर अकरा दिवस निर्धाराने टिकून राहिलेला माणूस मला दिसला असता आणि घरी गेल्यावरच्या पहिल्या आठवड्याचा विचार आम्हा दोघांना मिळून करता आला असता. तसा प्रश्न विचारायला मला कोणी शिकवले नव्हते. मी ओरडत होतो तेव्हा माझे वरिष्ठ दोन खाटा सोडून उभे होते आणि त्यांनाही त्यात वावगे काही वाटले नाही.

आज वॉर्डात काय घडते हे आपण सगळे जाणतो. विद्यार्थी हिस्टरी घेताना सिगारेट ओढता का, दिवसाला किती, किती वर्षे, असे विचारतो आणि गुणाकार करून पॅक-इयर्स, म्हणजे रोजची पाकिटे गुणिले वर्षे, काढतो (पाकीट २० सिगारेटींचे धरून). रोज २० सिगारेटी ३० वर्षे, म्हणजे ३० पॅक-इयर्स. राउंडच्या वेळी हा आकडा चुकला तर त्याला बोलणी बसतात. आकड्याला महत्त्व आहेच, कारण कर्करोगाचा आणि सीओपीडीचा धोका त्यावरून जोखता येतो. पण हा सगळा हिशेब होऊन गेलेल्या नुकसानीचा आहे. दिवसातली पहिली सिगारेट उठल्यावर किती वेळाने ओढता, यापूर्वी कधी सोडून पाहिली होती का, तेव्हा किती दिवस टिकलात, नेमके कोणत्या प्रसंगी पुन्हा सुरू झाली, हे प्रश्न केस पेपरवर क्वचितच आढळतात, आणि उपचार कसे करायचे ते तर याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. कागदाच्या तळाशी ‘धूम्रपान बंद करण्याचा सल्ला दिला’ अशी एक ओळ येते. मी स्वतः ती ओळ शेकडो वेळा लिहिली आहे. सल्ला दिला म्हणजे कोणत्या शब्दांत दिला, रुग्ण त्यावर काय म्हणाला, त्याला कोणती मदत देऊ केली, यांपैकी काहीच त्या ओळीत नसते आणि कोणी ते विचारतही नाही.

धूम्रपानाच्या दुष्परिणामांविषयी इथे विस्ताराने लिहीत नाही. ते आपल्याला ठाऊक आहेत, विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत आणि बहुतेक रुग्णांनाही ठाऊक आहेत. एकाच अभ्यासाची आठवण करून देतो, कारण तो आपल्याच व्यवसायबंधूंवर झाला होता. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा लेख १९५० मध्ये प्रसिद्ध केल्यानंतर रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनाच प्रश्नावल्या पाठवल्या, आणि त्यांतील ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांचा मागोवा पुढे ५० वर्षे घेतला गेला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आयुष्यभर सिगारेट ओढत राहिलेल्यांचे आयुर्मान न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षांनी कमी भरले. वयाच्या ६० व्या वर्षी सोडणाऱ्यांना त्यातली सुमारे ३ वर्षे परत मिळाली, ५० व्या वर्षी सोडणाऱ्यांना ६, ४० व्या वर्षी सोडणाऱ्यांना ९ आणि ३० व्या वर्षी सोडणाऱ्यांना जवळजवळ सगळी. आयुष्याची इतकी वर्षे परत मिळवून देणारे उपचार आपल्याजवळ फार थोडे आहेत आणि त्यांपैकी एकही आपण विद्यार्थ्याला नुसते पुस्तक वाचून करू देत नाही.

‘आपण बोलल्याने खरेच काही फरक पडतो का?’ असे माझे सहकारी मला नेहमी विचारतात. याचे उत्तर मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्येच दिले होते. लंडनमधील २८ कुटुंबवैद्यांकडे चार आठवड्यांत आलेल्या २,१३८ धूम्रपान करणाऱ्या रुग्णांचे त्यांनी चार गट केले. ज्यांना काहीच सांगितले गेले नाही त्यांपैकी ०.३ टक्के लोकांनी महिन्याभरात सिगारेट सोडली आणि वर्षानंतरही ती सुटलेली होती. ज्यांना फक्त प्रश्नावली दिली त्यांच्यात हे प्रमाण १.६ टक्के होते, ज्यांना डॉक्टरांनी एकदोन मिनिटे सल्ला दिला त्यांच्यात ३.३ टक्के, आणि ज्यांना सल्ल्याबरोबर एक माहितीपत्रक देऊन ‘आम्ही तुम्हाला पुन्हा विचारणार आहोत’ असे सांगितले त्यांच्यात ५.१ टक्के. शंभरांत पाच हा आकडा तरुण डॉक्टरांना क्षुल्लक वाटतो. एक डॉक्टर वर्षभरात अशा किती रुग्णांना पाहतो आणि असे किती डॉक्टर आहेत, याचा हिशेब केला की तो तसा राहत नाही. मला त्या अभ्यासातली शेवटची पायरी अधिक मोलाची वाटते. सल्ला तोच, डॉक्टर तेच. पुन्हा विचारले जाणार आहे याची जाणीव आणि हातात दिलेला एक कागद, एवढ्यानेच फरक पडला.

आता शरीरात काय चालते ते पाहू, कारण नुसता सल्ला का पुरत नाही याचे कारण तिथे आहे. झुरका घेतल्यावर निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे रात्रभराच्या झोपेनंतर शरीर ते मागू लागते. डोळे उघडल्यापासून पाच मिनिटांच्या आत ज्याला सिगारेट लागते तो रुग्ण आणि ज्याची पहिली सिगारेट दुपारी होते तो रुग्ण, दोघेही दिवसाला दहाच ओढत असतील, पण पहिल्याचे अवलंबित्व कितीतरी अधिक असते. सोडल्यानंतरची चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, कामात लक्ष न लागणे हे सारे पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ओसरत जाते. कोणाच्याही मदतीशिवाय सोडू पाहणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच पुन्हा सुरू करतात, हे अभ्यासांतून दिसले आहे. असे असताना आपण रुग्णाला काय सांगतो, तर ‘महिन्याने दाखवायला या’. तो महिन्याने येतो तेव्हा सगळे होऊन गेलेले असते आणि आपण त्याच्या इच्छाशक्तीला दोष देऊन मोकळे होतो. सोडण्याची तारीख ठरली की तिसऱ्या दिवशी एक फोन आणि आठवड्याच्या आत एक भेट, एवढी व्यवस्था कशी लावायची हे ज्या डॉक्टरला माहीत नाही, त्याला निकोटीनचे सगळे रसायनशास्त्र पाठ असून काय उपयोग?

बोलण्याच्या कौशल्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथेच आपले शिक्षण सर्वात तोकडे पडते. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये डॉक्टर आणि रुग्ण यांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडतो असे आढळले. धूम्रपानाच्या बाबतीत ही घाई विशेष नडते. सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतात. सोडावीशीही वाटते आणि नकोशीही वाटते. डॉक्टरने सोडण्याची बाजू जोराने लावून धरली की रुग्णाकडे उरलेली बाजू मांडण्याखेरीज पर्याय राहत नाही. मग तो टेन्शन, वजन, नव्वदीपर्यंत सिगारेट ओढून जगलेले कुणी आजोबा, असे सगळे पुढे करतो आणि स्वतःच्याच तोंडून ते ऐकून आणखी पक्का होतो. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये याच्या उलट वाट दाखवली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह ती विकसित केली. सोडण्याची कारणे डॉक्टरने ऐकवायची नाहीत, ती रुग्णाच्या तोंडून येतील असे प्रश्न विचारायचे.

ही पद्धत वाचायला सोपी आहे आणि करायला अवघड, हे मी माझ्या विद्यार्थ्यांकडे पाहून सांगू शकतो. ‘शून्य ते दहा या मोजपट्टीवर सिगारेट सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?’ असे विचारल्यावर रुग्ण ‘चार’ म्हणतो. विद्यार्थी लगेच विचारतो, ‘फक्त चारच? आठ का नाही?’ आणि रुग्ण न सोडण्याची कारणे सांगू लागतो. शेजारी शिक्षक असेल तर तो विद्यार्थ्याला थांबवून प्रश्न फिरवायला सांगतो: ‘चार म्हणालात, एक का नाही म्हणालात?’ आता रुग्णाला सोडण्याची कारणेच सांगावी लागतात. जिना चढताना धाप लागते, नातीने जवळ यायचे टाळले, वडील याच आजाराने गेले. एका शब्दाच्या फरकाने सगळे संभाषण वळते, पण हा फरक विद्यार्थ्याला फळ्यावर लिहून दाखवला तर तो मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘आठ का नाही’ असेच विचारतो. चूक होताना कोणीतरी पाहावी लागते. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक विद्यार्थ्यांना चार-पाच वेळा तरी असे थांबवावे लागले आहे आणि त्यात कमीपणाचे काहीच नाही. टाके घालतानाही त्यांना आपण तितक्याच वेळा थांबवतो.

अशीच अडचण अर्धवट यश घेऊन आलेल्या रुग्णांपुढे होते. ‘वीसवरून दोनवर आणली आहे’ असे रुग्ण अभिमानाने सांगतो आणि विद्यार्थी त्याची पाठ थोपटून विषय संपवतो. कौतुक करायलाच हवे, पण दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळजवळ निम्मा भरतो, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात दिसले आहे. मग कौतुक कमी न करता उरलेल्या दोन सिगारेटींपर्यंत संभाषण कसे न्यायचे? किंवा ‘सिगारेटने माझं टेन्शन कमी होतं’ असे म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचे? त्या सुटकेचा बराचसा भाग म्हणजे निकोटीन कमी पडल्याने आलेली बेचैनी निकोटीननेच शमणे असते, आणि सोडल्यानंतर काही आठवड्यांनी चिंता आणि उदासी वाढण्याऐवजी सरासरीने कमी झालेली आढळते, हे रुग्णाला न हिणवता समजावून सांगणे ही कला आहे. वजन वाढेल ही भीतीही खरी आहे. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढते. ‘वजनाचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या डॉक्टरवर रुग्णाचा विश्वास बसत नाही, आणि का बसावा?

वेळ नाही, ही हरकत सर्वात आधी येते आणि ओपीडीतली गर्दी मीही रोज पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे प्रथमच प्रसिद्ध केली. त्यांत आरोग्यसेवकांनी प्रत्येक भेटीत द्यायच्या ज्या संक्षिप्त सल्ल्याची शिफारस आहे, तो ३० सेकंद ते ३ मिनिटांचा आहे. ओढता का हे विचारायचे, औषध आणि आधार मिळाला तर सुटण्याची शक्यता बरीच वाढते हे सांगायचे आणि ती मदत कोठे मिळेल ते दाखवून द्यायचे. हे बोलणे अर्ध्या मिनिटात बसते, पण ते अर्ध्या मिनिटात नेमकेपणे बसवण्यासाठी सराव लागतो. न शिकलेला डॉक्टर एकतर काहीच बोलत नाही किंवा पाच मिनिटे प्रवचन देतो. दुसरी हरकत अशी, की हे काम समुपदेशकांचे आहे. प्रशिक्षित समुपदेशक सविस्तर भेटींत जे करू शकतो ते डॉक्टरला ओपीडीत साधणार नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण रुग्ण समुपदेशकापर्यंत पोहोचतो तो डॉक्टरच्या वाक्यावरून. ‘तुमच्या छातीसाठी हे बंद करा’ असे म्हणणे आणि ‘सोडायला मदत हवी असेल तर मी आत्ताच व्यवस्था करून देतो’ असे म्हणणे, यांत दुसऱ्या वाक्याने अधिक लोक प्रयत्नाला लागतात, असे या दोहोंची तुलना करणाऱ्या २०१२ च्या आढाव्यात आढळले.

औषधांविषयी थोडक्यात. विद्यार्थ्यांना सिगारेट सोडायला मदत करणारे व्हॅरेनिक्लिन हे औषध मेंदूतल्या कोणत्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) काम करते हे तोंडपाठ असते. तेच औषध सोडण्याच्या तारखेच्या साधारण आठवडाभर आधी सुरू करून सहसा १२ आठवडे द्यायचे असते, फेफऱ्याचा इतिहास असलेल्याला बुप्रोपिऑन हे याच कामाचे दुसरे औषध द्यायचे नसते, निकोटीनचा त्वचेवर चिकटवायचा पॅच आणि च्युइंगगम एकत्र दिले तर एकट्यापेक्षा जास्त उपयोग होतो, आणि ते गम साध्या गमसारखे सतत न चघळता थोडे चघळून गालाशी धरून ठेवायचे असते, हे सांगणारा विद्यार्थी मला फार क्वचित भेटतो. रुग्णाला ते कोणी दाखवले नाही तर तो भराभर चघळतो, निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी लागते, मळमळते आणि ‘मला गम सोसत नाही’ म्हणून तो ते टाकून देतो.

वॉर्डातली गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर आहे. दाखल झालेल्या रुग्णाची सिगारेट आपण न विचारता एका क्षणात बंद करतो. तो दुसऱ्या रात्री बेचैन होतो, सलाईन काढून टाकतो, घरी जातो म्हणतो, आणि पुष्कळदा त्याला झोपेचे औषध दिले जाते; निकोटीनचा पॅच लावायचे कोणाला सुचत नाही. मनोविकाराच्या रुग्णांच्या बाबतीत तर हे अज्ञान धोकादायक ठरू शकते. सिगारेटच्या धुरातील घटकांमुळे यकृतातले एक विकर (एन्झाइम) अधिक जोमाने काम करते आणि मनोविकारावरचे क्लोझापिन, दम्यावरचे थिओफिलिन यांसारखी औषधे शरीरातून लवकर निघून जातात. म्हणून धूम्रपान करणाऱ्याला त्यांची मात्रा जास्त लागते. सिगारेट थांबली की काही दिवसांतच त्याच मात्रेत रक्तातले प्रमाण वाढू लागते आणि विषबाधा होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही, त्यामुळे पॅच लावल्याने तो टळत नाही. सिगारेट सोडवणे हा उपचार आहे आणि प्रत्येक उपचाराप्रमाणे त्यावर लक्ष ठेवावे लागते, हे विद्यार्थ्याच्या मनावर ठसवायला यापेक्षा चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही.

आता परीक्षेकडे येतो. विद्यार्थी परीक्षेत येणारे तेवढेच शिकतात, अशी तक्रार आपण करत असतो, पण परीक्षेत काय यावे हे आपल्याच हातात आहे. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६० च्या दशकात रुग्णाची भूमिका वठवणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींचा उपयोग शिकवण्यासाठी सुरू केला आणि रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये टप्प्याटप्प्याच्या (एकेका टप्प्यावर, म्हणजे ‘स्टेशन’वर, एकेक कौशल्य तपासणाऱ्या), म्हणजे आज ज्याला आपण ऑस्की म्हणतो त्या परीक्षेची पद्धत मांडली. साधने तेव्हापासून तयार आहेत. मी माझ्या विभागात गेली काही वर्षे अशा तीन प्रसंगांवर सराव घेतो आहे. पहिल्यात रुग्णाला सोडायचीच नसते. दुसऱ्यात तो तयार असतो आणि त्याला औषध, तारीख आणि पहिल्या आठवड्याची योजना हवी असते. तिसऱ्यात तो तीन महिने सोडून राहिल्यावर एका लग्नात पुन्हा ओढून आलेला असतो. विद्यार्थी सर्वात जास्त अडखळतात ते तिसऱ्या प्रसंगात. त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा रुग्णाला स्पष्ट दिसते, आणि ‘हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करा’ या वाक्यापलीकडे त्यांना जाता येत नाही. तीन महिने कसे जमले, त्या दिवशी नेमके काय घडले, पुढच्या समारंभात काय वेगळे करता येईल, हे विचारले तर घसरण हीच माहिती ठरते. ते विचारायला शिकवण्यात माझा सर्वात जास्त वेळ जातो. बंद पाकिटाचा प्रसंग मी परीक्षेसाठी राखून ठेवला आहे. खणात पाकीट दिसल्यावर विद्यार्थी पहिले वाक्य काय बोलतो, एवढेच मी त्यात पाहतो. ओरडणाऱ्याचे आणि घाबरवणाऱ्याचे गुण मी कापतो, मग पुढची माहिती कितीही अचूक असो.

प्रशिक्षणाने फरक पडतो का, असे कोणी विचारेल, तर आरोग्यसेवकांना धूम्रपानमुक्तीचे प्रशिक्षण देणाऱ्या १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला असून, प्रशिक्षित डॉक्टर हा विषय अधिक वेळा काढतात, तारीख ठरवतात, पुन्हा भेटीला बोलावतात आणि त्यांच्या रुग्णांमध्ये सोडणाऱ्यांचे प्रमाणही वाढते असे त्यात आढळले. विद्यार्थ्यांनाही हे शिकायचे असते. २००५ पासून अनेक देशांत झालेल्या आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांच्या पाहणीत बहुतांश विद्यार्थ्यांनी असे प्रशिक्षण मिळायला हवे असे सांगितले, आणि ते प्रत्यक्ष मिळालेले विद्यार्थी त्या मानाने थोडे निघाले.

एका अवघड गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण स्वतः सिगारेट ओढतात आणि त्यांतले बरेच जण या शिक्षणाच्या काळातच, रात्रपाळ्या आणि परीक्षा यांच्या ताणात सुरू करतात. सरावाच्या वेळी हे विद्यार्थी गप्प बसतात, कारण आपण रुग्णाला कोणत्या तोंडाने सांगणार असे त्यांना वाटते. त्यांना वर्गात उघडे पाडू नये, त्यांना रुग्णांइतक्याच आदराने आणि गुप्ततेने मदत देऊ करावी, आणि ती महाविद्यालयानेच द्यावी. माझ्या एका विद्यार्थ्याने सोडल्यानंतर सांगितले की तलफ म्हणजे काय हे मला आता रुग्णाला विचारावे लागत नाही. तो आज माझ्याहून चांगले समुपदेशन करतो.

शिक्षकांचाही प्रश्न आहे. आपल्या पिढीतील बहुतेकांना हे कोणी शिकवलेले नाही, तेव्हा विद्यार्थ्यांच्या आधी शिक्षकांचे प्रशिक्षण करावे लागेल, आणि ते फक्त श्वसनविकार किंवा मानसोपचार विभागापुरते ठेवून चालणार नाही. शस्त्रक्रियेआधी सिगारेट सोडली तर जखम चांगली भरते, हे शल्यचिकित्सकाने स्वतः सांगितलेले रुग्णाला जास्त पटते. गर्भवतीशी बोलण्याची संधी स्त्रीरोगतज्ज्ञाला मिळते, मला मिळत नाही. आणि हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेला माणूस त्या आठवड्यात जितका ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो तितका पुन्हा क्वचितच असतो. प्रत्येक विभागात निदान दोन शिक्षक असे असावेत, की जे विद्यार्थ्याला रुग्णाशी बोलताना शेजारी बसून पाहतील आणि मग पाच मिनिटे त्याच्याशी त्यावर बोलतील. यासाठी नवी इमारत, नवे यंत्र किंवा नवा विभाग लागत नाही. वेळापत्रकातले काही तास आणि परीक्षेतले काही गुण लागतात, आणि हे दोन्ही आपल्या अधिकारात आहे.

तेव्हा आपल्याला विनंती अशी, की पुढील अभ्यासक्रम-बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. क्लिनिकल वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याच्या किमान पाच निरीक्षित संभाषणांची नोंद लॉगबुकमध्ये सक्तीची करावी, त्यांपैकी दोन तरी खऱ्या रुग्णांशी झालेली असावीत. आणि अंतिम परीक्षेत दहा मिनिटांचे एक स्टेशन यासाठी ठेवावे, ज्यात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला ते स्टेशन पुन्हा द्यावे लागेल. केस पेपरवरची ‘सल्ला दिला’ ही ओळ काढून तिच्या जागी पहिल्या सिगारेटची वेळ, यापूर्वीचे प्रयत्न, देऊ केलेली मदत आणि पुढच्या संपर्काची तारीख असे चार रकाने छापावेत. मी वापरत असलेले प्रसंग, रुग्णाची भूमिका करणाऱ्यांसाठीच्या सूचना आणि गुणपत्रके मागेल त्या महाविद्यालयाला मी विनामूल्य पाठवीन. पहिल्या परीक्षेच्या वेळी परीक्षकांसोबत बसण्याची गरज वाटली तर तसे कळवावे, मी येईन.

कळावे.

आपला विश्वासू,
श्वसनविकार विभागातील एक अध्यापक